उद्यमनगरातल्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

हे पत्र कोल्हापूरला आल्यावर हातात देता आलं असतं, पण सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं. हौसेनं वेल्डिंग शिकू बघणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत आणि त्यांना तुमच्यासारखं विचारणारं माणूस भेटतंच असं नाही.

कोणतं वेल्डिंग मशीन घेऊ, असं विचारायला मी आले तेव्हा ‘काय काय जोडायचं हाय तुला?’ हा तुमचा पहिला प्रश्न. कुंड्यांचा स्टँड, गच्चीवर वेलीसाठी मांडव, पुस्तकांचं कपाट, असं मी सांगितलं. ‘मग तीन एमएमच्या वरचं लोखंड तुझ्या हाताखाली येतच नाही,’ एवढं म्हणालात आणि चारशे अँपिअरच्या मशीनचा विषय तिथंच मिटला. आदल्या दिवशी एका दुकानदारानं तेच माझ्या गळ्यात मारायचा चंग बांधला होता. अडीच एमएमचा ६०१३ रॉड (साध्या लोखंडाला सर्रास वापरतात तो) ७० ते ९० अँपिअरवर छान चालतो, म्हणजे दोनशेचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन घरच्या कामाला भरपूर झालं. हा हिशेब तुम्ही बोलता बोलता मांडलात, मला तो आजही तोंडपाठ आहे.

मशीनवरची पाटी वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. २०० अँपिअरसमोर ६० टक्के लिहिलं असेल, तर दहा मिनिटांतली सहा मिनिटं पेटवायचं, चार मिनिटं गार होऊ द्यायचं. अँपिअर खाली आणले की हीच सवड वाढते. मिगचं, म्हणजे रॉडऐवजी तार आणि सिलिंडरमधला गॅस वापरणाऱ्या मशीनचं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त गच्चीवरच्या वाऱ्याची आठवण करून दिलीत. वारा गॅस उडवून नेतो आणि जोडात छिद्रं पडतात. रॉडवरचा फ्लक्सचा लेप जळून स्वतःचं आवरण करतो, शिवाय सिलिंडर भरून आणायची दगदग नाही.

पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती पैशाच्या वाटणीसाठी. माझं बजेट ऐकून तुम्ही मशीनचं नाव काढायच्या आधी हेल्मेटचे पैसे बाजूला काढायला लावलेत. आपोआप काळं होणारं, शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ९ ते १३ फिरवता येणारं. मग कातडी हातमोजे, बंद बूट, सुती फुल बाह्यांचा शर्ट. नायलॉनचं काही अंगावर नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. नुसत्या काळ्या गॉगलवर काम करणारे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात, त्यामुळे तेवढं पुरतं असंच मला वाटलं असतं. तुम्ही मात्र आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, लागलेल्या डोळ्यांबद्दल सांगितलंत. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग होते, आणि गॉगलनं चेहरा झाकला जात नाही तो नाहीच. ते सांगताना तुमचा आवाज खाली आला होता. तरुणपणी सोबत काम केलेल्यांची नावं तुम्ही घेतलीत, ती इथं लिहीत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जाळू नकोस, त्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हेही तेव्हाच सांगितलंत. वायरमनकडून स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घेईपर्यंत प्लग लावायचा नाही, असं वचनच घेतलंत. लांब, बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, म्हणून जाड तांब्याची केबल घेतली. रॉड हवाबंद डब्यात असतात. आपल्याकडच्या पावसात उघडं पाकीट चार दिवसांत दमट होतं, मग आर्क धड धरत नाही.

या सगळ्यात तुमच्या दुकानातून माझ्याकडून एका रुपयाचीही खरेदी झाली नाही. दोन्ही भट्ट्या, कटर, कामगार सगळं चालू असताना तुम्ही स्टूल पुढं केलंत आणि भंगारातल्या पट्टीवर मला टाके मारून बघू दिलेत. ‘पोरगी कशाला हे करतेय’ असं तिथं कोणीच म्हणालं नाही. ते तुमच्यामुळेच, हे मला कळलं होतं.

कपाट झालंय. सोळा गेजच्या, म्हणजे साधारण दीड एमएम जाडीच्या चौकोनी पाइपला भोक न पाडता टाके बसतात आता, दोन एमएमच्या रॉडवर. उभा जोड मात्र अजून खाली ओघळतो. दिवाळीनंतर येते, तो दाखवाल ना?

तुमची,
भाची