नाव देण्याआधी

सावंतवाडी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो लॅपटॉपवर मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. आंबोलीच्या पालापाचोळ्यातली दोन मिलिमीटरची फिकट पिवळी मुंगी, डोळ्यांचा पत्ताच नाही. ‘आई, ही नक्की नवी जाती आहे, प्रबंधात नाव देऊनच टाकते,’ असं तू लिहिलंस. वाचून फार आनंद झाला, आणि लगेच काळजीही वाटायला लागली. फोनवर हे सगळं सलग सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

तुला मार्शियालिस ह्यूरेका या मुंगीची गोष्ट नीट माहीत असायला हवी. ब्राझीलमधल्या मनाउसजवळचं ॲमेझॉनचं जंगल. १९९८ साली मानफ्रेड फरहाग या जर्मन संशोधकाला तिथल्या मातीच्या नमुन्यांत दोन विलक्षण मुंग्या मिळाल्या. आजवर वर्णन झालेल्या कुठल्याच मुंगीशी त्यांचं साम्य नव्हतं. पण पुढे अभ्यास होण्याआधीच ते नमुने हातचे गेले. हातात नमुना नाही म्हटल्यावर शास्त्राच्या लेखी मुंगीही नाही. मग मे २००३ मध्ये क्रिस्टियान राबेलिंग यांना त्याच भागात, संध्याकाळच्या वेळी पाचोळ्यावरून चालणारी एक कामकरी मुंगी दिसली. एकच. त्यांनी ती उचलली.

ती मुंगी डोळ्यांसमोर आण. तुझ्या मुंगीएवढीच, दोन-तीन मिलिमीटरची, फिकट, आंधळी. तिचे जबडे मात्र लांब, बारीक, चिमट्याच्या दोन पात्यांसारखे पुढे आलेले. असे जबडे घेऊन कुणी घट्ट कवचाचा किडा फोडत नाही. त्यामुळे मातीतल्या फटींमधून मऊ अंगाचं भक्ष्य ओढून काढत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. कयासच, कारण तिला खाताना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या लेखातही ते अंदाज म्हणूनच मांडलं. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं.

मुंगी सापडली २००३ मध्ये आणि वर्णन छापून आलं २००८ च्या सप्टेंबरमध्ये. मधली पाच वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली नाहीत. मुंग्यांच्या कुळाचे जे मोठे विभाग, त्या ज्ञात उपकुलांची लक्षणं एकेक करून ताडून पाहायची होती. एकुलत्या एका नमुन्याचा पाय काढून त्यातून डीएनए मिळवायचा होता, आणि तोही बाकीचं शरीर पुढच्या अभ्यासकांसाठी शाबूत ठेवून. शेवटी ती कुठल्याच उपकुलात बसेना, तेव्हा तिच्यासाठी नवं उपकुल करावं लागलं: मार्शियालिनी. जिवंत मुंग्यांचं नवं उपकुल सापडण्याची १९२३ नंतरची ती पहिलीच वेळ. मार्शियालिस हे नाव मंगळावरून पडलं, इतकी ती परकी वाटली.

आणि एवढं करूनही तिच्या जागेचा वाद मिटला नाही. पहिल्या लेखात तिची शाखा मुंग्यांच्या वंशवृक्षात सगळ्यात आधी फुटलेली दाखवली होती. २०११ मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली, तर लेप्टानिलिनी हे उपकुल आधी फुटलेलं दिसलं आणि मार्शियालिस त्यानंतर. पुढच्या अभ्यासांनी तर या दोघींना एकाच शाखेवर एकमेकींशेजारी बसवलं. जागा बदलली तरी नाव टिकलं, कारण वर्णन चोख होतं आणि नमुना संग्रहालयात होता. म्हणून कुणालाही पुन्हा तपासता आलं.

आता तुझ्या मुंगीकडे येऊ. फिकट रंग आणि डोळे नसणं यावर काही ठरवू नकोस. मातीत राहणाऱ्या मुंग्यांच्या कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांत या दोन गोष्टी आपापल्या उगवल्या आहेत. अंधारात रंगही नको, डोळेही नकोत. आधी कंबर बघ. तुझ्या तिसऱ्या फोटोत मला छाती आणि पोटाच्या मध्ये दोन गाठी दिसल्यासारख्या वाटतात, पण बाजूने फोटो काढल्याशिवाय खात्री नाही. मग शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, खंड मोज. दोन गाठी असतील, खंड अकरा किंवा त्याहून कमी असतील आणि शेवटचे दोन फुगीर असतील, तर ती बहुधा कॅरेबारा या गटातली मुंगी. ती आपल्याकडे पाचोळ्यात मिळते आणि तिच्या छोट्या कामकऱ्यांना डोळे नावालाच असतात. खंड बारा निघाले आणि टोक फुगीर नसेल, तर मात्र मला ताबडतोब फोन कर, कितीही वाजलेले असोत. कारण मग ती लेप्टानिलिनी उपकुलातली लेप्टानिला असू शकते, म्हणजे ॲमेझॉनमधल्या त्या मुंगीच्या अगदी जवळच्या नात्यातली.

आणि लेप्टानिला असली तरी नवी असेलच असं नाही, हे लक्षात ठेव. या गटात कितीतरी जाती केवळ पंख असलेल्या नरावरून वर्णन केलेल्या आहेत. नर दिव्याच्या उजेडाला येऊन सापळ्यात पडतो, कामकरी मातीतून वर येत नाही, आणि दोघांचं रूप इतकं वेगळं की नातं ओळखू येत नाही. तुझ्या कामकरीचा नर कुणीतरी आधीच नाव देऊन ठेवला असेल, हे अगदी शक्य आहे. त्याचा निकाल डीएनएनेच लागेल. बिंगहॅम यांच्या १९०३ च्या खंडात भारतातल्या मुंग्यांची ओळखकिल्ली आहे, तिथून सुरुवात कर. पण तिथेच थांबू नकोस, त्यानंतर शंभरावर वर्षं काम झालेलं आहे.

प्रबंधात नाव अजिबात छापू नकोस. प्राणिनामांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. रीतसर प्रसिद्ध झालेलं वर्णन आणि एक ठरावीक आधारनमुना (ज्याच्यावर नाव बेतलेलं असतं तो जपून ठेवलेला नमुना) असल्याशिवाय नाव उभं राहत नाही. प्रबंधाच्या चार प्रती बांधून ते होत नाही. उलट अर्धवट नाव फिरायला लागलं की पुढच्या अभ्यासकाला ते निस्तरत बसावं लागतं. ‘कॅरेबारा, जाती अनिश्चित’ असं लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवा जीव सापडला तर त्याची नोंद आणि नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहाकडे द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हा तसा संग्रह आहे आणि त्यांचं केंद्र तुझ्या पुण्यातच, आकुर्डीला आहे. गाईडना विचारून तिथल्या संग्रहाशी तुझी मुंगी ताडून बघ. पत्रात फोटो पाठवून काम होणार नाही, नमुना हातात घेऊन जा.

बाबा म्हणतात, मी तुझा उत्साह मोडते आहे. तसं नाही गं. चाळीसेक मुलांच्या वर्गात शृंगिका म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवण्यात माझी नोकरी गेली, आणि माझी लेक ती शृंगिका सूक्ष्मदर्शकाखाली मोजते आहे याचं मला किती सुख आहे, ते लिहून कळणार नाही. म्हणूनच ही मुंगी जर खरोखर नवी असेल, तर तिचं वर्णन असं व्हावं की पन्नास वर्षांनी कुणी कपाटातून ती काढून तपासली तरी तुझं वाक्य न् वाक्य जुळावं.

तोवर एवढं कर. कुपीतलं अल्कोहोल ९५ टक्क्यांचं आहे ना ते बघ, झाकणाला फिल्म गुंडाळ आणि ती उन्हाच्या खिडकीत ठेवू नकोस. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाक, बाहेर चिकटवलेली गळून पडते. जागा, उंची, तारीख, कशाखाली सापडली आणि तुझं नाव, सगळं त्यात हवं. पाय काढायचा तर गाईडसमोरच, आणि त्याआधी तिन्ही बाजूंनी फोटो झालेले असू देत. आणि त्या दिवशी चाळलेला बाकीचा पाचोळा अजून पिशवीत असेल तर फेकू नकोस, पुन्हा एकदा फनेलमध्ये दिव्याखाली लाव, म्हणजे उष्णतेने आतले किडे खाली उतरून कुपीत पडतील. तिची एखादी बहीण अजून त्यात असेल.

तुझी,
आई