"या घरात हात किती?" आमच्या आशाताईंना पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या गावच्या 'आशा', म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या स्वयंसेविका. नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं ताई. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते आमच्या घरापुरतं राहू नये असं मनापासून वाटतं. जुळं आहे म्हटल्यावर लोक दोन पाळणे, दोन दुपटी, दोन नावं यांच्या मागे लागतात. आमच्याकडेही तेच सुरू झालं होतं. तुम्ही ओसरीवर टेकलात, पाणी प्यालात आणि विचारलंत, "बाळंतपणानंतर या घरात हात किती?"

खानापूर तालुक्यात हा प्रश्न साधा नाही. इथले पुरुष गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेले. आमचे हे कोईमतूरला सोनं गाळतात, घरी येतात ते जत्रेला आणि दिवाळीला. सासऱ्यांना दमा. म्हशींचं सगळं सासूबाईंवर. तुम्ही माझ्याकडून वहीत लिहून घेतलंत: रात्री दुसरी कोण उठणार, लंगोट कोण धुणार, दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी कुणाची. माझ्या आईला पहिल्या आठवड्यात बोलवू नका म्हणालात, कारण तेव्हा सगळेच येतात. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे पांगतात आणि बाळंतीण एकटी पडते, आईनं तेव्हा यायचं. शेजारच्या काकूंकडून दुपारचे दोन तास तुम्ही स्वतः मागून घेतलेत. मला मागायचा संकोच वाटला असता. "वस्तू एका दिवसात येते, माणूस आधी सांगून ठेवावा लागतो," हे तुमचं वाक्य त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीला जाताना तुम्ही बजावलं होतंत, "डॉक्टरांना विचारायचं, वार एक का दोन?" मला वाटलं होतं, मुलं दोन आहेत हे कळलं की झालं. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा गोळा, एकच असेल तर एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वळू शकतं, एक सुकतं आणि दुसऱ्यावर ताण येतो. आणि वार एक आहे की दोन हे तीन महिन्यांच्या सुमारास सगळ्यांत स्पष्ट दिसतं. आमची वार एकच निघाली. मग सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी. एकही तारीख तुम्ही चुकू दिली नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी तर सकाळीच दारात हजर असायचात.

दिवस भरायच्या बरेच आधी पोटात कळा आल्या तेव्हा १०२ची गाडी तुम्ही बोलावलीत आणि माझ्याबरोबर बसलात. बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून दर बारा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या. पुढे पस्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं: थोरली २ किलो १०० ग्रॅम, धाकटी १ किलो ७५०. धाकटीला नवजात अतिदक्षता कक्षात नेलं, थोरली माझ्या कुशीत. एक लेक वरच्या मजल्यावर, एक खाली, पोटाला टाके. जुळ्यांच्या आईची ही ओढाताण एका बाळाच्या आईला कशी सांगावी मला कळत नाही. तिथल्या सिस्टरांनी दूध वाटीत पिळून काढायला आणि बोंडल्यानं पाजायला शिकवलं. फोनवर तुम्ही रोज एकच विचारायचात: आज दूध वर पोचलं का?

आम्ही घरी आल्यावर तुम्ही जे केलंत, त्याबद्दल मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे. सासूबाईंनी खाटेखाली शेगडी मांडायची तयारी केली होती. त्यांच्या परीनं त्या बरोबरच होत्या, इवलीशी पोर गारठू नये हीच काळजी. धुरानं कमी वजनाच्या बाळाला श्वासाचा त्रास होतो हे तुम्ही सांगितलंत, पण तेवढ्यावर थांबला नाहीत. "आत्या, ऊब तुमच्याकडूनच पाहिजे," म्हणालात. धाकटीला टोपी, मोजे, लंगोट एवढंच ठेवून त्यांच्या छातीवर उभी निजवलीत आणि वरून लुगडं गुंडाळलंत. त्या म्हणाल्या, "माझ्या सुरकुतल्या कातड्याला कसली ऊब असनार?" पोरीचे पाय गार होते. तासाभरानं तुम्ही त्यांचाच हात पोरीच्या तळव्याला लावलात, मग पोटाला. दोन्ही सारखेच गरम. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून म्हशींची धार काढून झाली की हातपाय धुऊन त्या स्वतःच येऊन बसायच्या, "आन तिला हिकडं." शेगडी गोठ्यात गेली.

बाळाला असं उघड्या छातीशी धरायची ही कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे बाळं उबेत ठेवायच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती, हे मी नंतर वाचलं. मूल दोन आणि आई एक, अशा घरासाठी तर ती वरदानच आहे. थोरली माझ्यापाशी, धाकटी आजीपाशी. हे सुट्टीवर आले तेव्हा शर्टाची बटणं काढून तेही बसले. भावकीतले हसले, तर तुम्ही सरळ म्हणालात, "बापाची छाती कशासाठी असते मग?"

दूध दोघींना पुरेल का, हे गावात प्रत्येकानं विचारलं. तुम्ही दोन्ही बगलांत उशा लावून दोघींना एकदमच धरायला शिकवलंत आणि सांगितलंत, जेवढं रिकामं होईल तेवढं भरेल. दिवसाला सहा-आठ वेळा लंगोट ओला होतोय आणि काट्यावर रोज वीस-तीस ग्रॅम चढतायत, म्हणजे पुरतंय. सासूबाईंनी गुटीची सहाण धुऊन फडताळात ठेवली. अर्ध्या झोपेत कुणाला पाजलं हे कळेना म्हणून थोरलीच्या पायात लाल दोरा, धाकटीच्या हिरवा, सैलसर. आणि वहीत दोन रकाने. जुळ्यांच्या घरात हे फार लागतं. एक दोनदा पिते आणि एक उपाशी झोपते, आणि कमी वजनाची बाळं भुकेनं रडतातच असं नाही.

आणि डोळे! जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी असेल तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार? वरून डोळे छान टपोरे दिसतात. तपासणीची तारीख तुम्ही कार्डावर लाल शाईनं लिहिलीत आणि दोघींनाही न्यायला लावलंत. दोघींचे डोळे चांगले आहेत. उशीर झाला असता आणि काही असतं तर, हा विचार आजही मनात आला की मी तुम्हाला मनोमन हात जोडते.

तुमच्या पिशवीतला तो झोळीचा काटा, थर्मामीटर, श्वास मोजायचं घड्याळ; घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही रीत गडचिरोलीतून आली, हे तुम्ही अभिमानानं सांगितलं होतंत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना हे शिकवलं, तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातलं काहीतरी आमच्या वाडीवर चालत आलं, ते तुमच्या पायांनी.

एका गोष्टीबद्दल मात्र इथे मुद्दाम लिहिते, कारण बायका ती बोलत नाहीत. दीड महिना झाला तरी मला सारखं रडू यायचं. पोरी रडल्या की छातीत धडधडायचं, झोप मिळाली तरी लागायची नाही. घरातले म्हणायचे, दोन-दोन लेकरं दिली देवानं, रडतेस काय. तुम्ही पोरींचं वजन करून झाल्यावर वही मिटलीत आणि म्हणालात, "आता तुझं सांग." दोन आठवड्यांच्या वर हे चाललं तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार असतात, हे मला तुमच्याकडून कळलं. डॉक्टरांकडे तुम्ही नेलंत. रात्रीबेरात्री बोलावंसं वाटलं तर मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलात. सासूबाईंना बाजूला घेऊन काय सांगितलंत देव जाणे. त्या रात्रीपासून दोन वाजताची पाळी त्यांनी घेतली.

हे सगळं करून एका बाळामागे ठरलेल्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा सन्मान केला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत त्याच आशा मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. तुम्ही ठरलेल्या भेटींपेक्षा कितीतरी जास्त वेळा आलात, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. म्हणून ती इथे करतेय. जे वाचतील त्यांनी आपल्या गावच्या आशेला पगार, रजा आणि निवृत्तीवेतन मिळावं म्हणून ग्रामसभेत आवाज उठवावा. मी उठवणार आहे.

खालच्या वस्तीवरच्या मुलीलाही जुळं आहे असं ऐकलं. तिच्या वहीत दुपारचे दोन तास माझ्या नावावर लिहा. पोरी आता अंगणवाडीत जातात, मला तेवढी सवड निघते. वस्तीवर जाताना आमच्याकडे थांबा. सासूबाईंचा निरोप आहे: या खेपेला नुसतं पाणी पिऊन जायचं नाही, जेवून जायचं.

तुमची,
दोन लेकींची आई