काट्याबरोबर टेपही हवी

पैदाशीच्या वळूच्या निवडीवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. वर्षभरात सर्वाधिक वजन घेणारा खोंड राखावा, हा त्यातला सल्ला अर्धवट वाटतो. वजनवाढीचा गुण पुढच्या पिढीत उतरतो, हे मान्य. पण ते वजन नुसत्या खुराकाच्या घमेल्यातून आलेले असेल, तर वासरांच्या वाट्याला काय येणार?

शिवाय धान्यावर पोसलेल्या खोंडाच्या अंडकोशाच्या वरच्या भागात चरबी साठते. वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड राहावे लागतात; चरबीमुळे ते जमत नाही आणि वीर्याची प्रत घसरते. म्हणून निवडीच्या दिवशी काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. 15 महिन्यांपर्यंतच्या खोंडाच्या अंडकोशाचा घेर किमान 30 सेंटिमीटर हवा, हा पशुवैद्यकांचा रूढ निकष आहे. घेर चांगला असलेल्या वळूच्या कालवडीही सहसा लवकर वयात येतात. मात्र वीर्यतपासणीत एकदा नापास झाला म्हणून खोंड लगेच काढू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 61 दिवस लागतात, त्यामुळे मागच्या महिन्यातला ताप आजच्या नमुन्यात दिसतो. दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

आणि त्याला कडक जमिनीवर चालवून पाहावे. माझ्याकडच्या एका देखण्या खोंडाचे मागचे खूर वाढून आत वळले होते. वजनात तो पहिला. पण गाईवर चढायची वेळ आली की दोन पावले मागे सरायचा.

– एक पशुपालक