पिकअप ट्रकची तुलना कमाल आकड्यांवर नको

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत अमेरिकी बाजारातील पिकअप ट्रकची तुलना करणारा लेख वाचला. लेखाची भाषा सुबोध आहे आणि विषयाची आवडही त्यात दिसते. परंतु ज्या निकषावर फोर्ड एफ-१५०ला पहिला आणि टोयोटा टुंड्राला शेवटचा क्रमांक देण्यात आला आहे, त्या निकषालाच माझा आक्षेप आहे. प्रत्येक कंपनीने जाहीर केलेली ट्रेलर ओढण्याची कमाल क्षमता घ्यायची आणि ते आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे, एवढ्याने तुलना पूर्ण होत नाही.

२०२२च्या मॉडेलांसाठी कंपन्यांनी जाहीर केलेली ही कमाल क्षमता फोर्ड एफ-१५०साठी सुमारे ६,३५० किलो, शेवरोले सिल्व्हराडो १५००साठी ६,०३० किलो, रॅम १५००साठी ५,७८० किलो आणि टुंड्रासाठी ५,४४० किलो आहे. आकड्यांत खोटे काही नाही. मात्र यांतील प्रत्येक आकडा त्या नावाच्या सगळ्या ट्रकना लागू होत नाही, तर विशिष्ट इंजिन, केबिन, हौद्याची लांबी, एक्सलचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते प्रमाण) आणि ट्रेलर ओढण्यासाठीचे खास पॅकेज एकत्र आलेल्या एखाद्याच रचनेला लागू होतो. त्या वर्षीच्या एफ-१५०ला ६,३५० किलोचा मान ३.५ लिटरच्या टर्बो इंजिनामुळे मिळतो, तर हौद्यात सुमारे १,५०० किलो माल वाहण्याचा त्याचा दुसरा गाजलेला आकडा ५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या आणि जड मालासाठीचे पॅकेज घेतलेल्या ट्रकचा आहे. म्हणजे ही दोन्ही शिखरे एकाच ट्रकमध्ये गाठता येत नाहीत, आणि लेखात मात्र दोन्ही आकडे एकाच रकान्यात शेजारी शेजारी छापलेले आहेत. रॅमच्या ५.७ लिटर इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन तेच ठेवून मागच्या एक्सलचा रेशो ३.२१ऐवजी ३.९२ घेतला, तर ओढण्याची अधिकृत क्षमता एक टनाहून अधिक वाढते.

माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. प्रत्यक्ष वापरात ओढण्याची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी अंगावर भार घेण्याची क्षमता, म्हणजे पेलोड, संपतो. ट्रेलर नुसता मागे ओढला जात नाही. त्याच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या जागी ट्रकच्या मागच्या टोकावर दाबून बसतो. समजा, ट्रेलर ३,६०० किलोचा आहे आणि जोडणीवर १२ टक्के भार येतो. हे झाले ४३० किलो. चालकासह पाच माणसे, प्रत्येकी ७५ किलो धरली, तर आणखी ३७५ किलो. बेरीज ८०० किलोच्या वर गेली आणि हौद्यात अजून एक खोकेही ठेवलेले नाही. चार दरवाजांची मोठी केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि काचेचे छत असलेल्या अनेक ट्रकचा पेलोड ७०० किलोच्या आसपासच असतो, कारण चढवलेल्या प्रत्येक सोयीचे वजन त्यातूनच वजा होते. जाहिरातीत साडेपाच टन ओढणारा ट्रक इथे साडेतीन टनांवरच मर्यादा ओलांडून बसतो. मागचा भाग खाली दबतो, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला अधिक अंतर लागते. यावर उपाय म्हणून माल ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवला, तर जोडणीवरचा भार फार कमी होऊन भरधाव ट्रेलर डोलू लागतो, आणि तो धोका आधीच्यापेक्षा मोठा आहे.

खरा आकडा शोधायला कुठे लांब जावे लागत नाही. चालकाचा दरवाजा उघडला की खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारे पिवळ्या पट्ट्याचे लेबल दिसते. माणसे आणि सामान मिळून किती वजनापुढे जाऊ नये, हे त्यावर लिहिलेले असते आणि तो आकडा त्याच ट्रकचा असतो. आपल्या लेखातील चार ट्रकपैकी एकाच्याही बाबतीत हे लेबल वाचलेले दिसत नाही, याची मला खंत वाटते.

ट्रेलर ओढण्याच्या आकड्यांत पूर्वी तर याहून गोंधळ होता. प्रत्येक कंपनी स्वतःच्या पद्धतीने मोजत असे. त्यावर वाहन अभियंत्यांच्या एसएई या संघटनेचे ‘जे२८०७’ हे समान मानक आले आणि टोयोटाने ते २०११च्या टुंड्रासाठी सर्वांत आधी स्वीकारले; त्यामुळे त्या ट्रकचे काही आकडे खालीही आले. प्रतिस्पर्धी जुनेच मोठे आकडे मिरवत असताना हे करायला धैर्य लागते. या मानकानुसार कमाल वजनाचा ट्रेलर जोडून ३० सेकंदांत ताशी ९७ किलोमीटरचा वेग गाठावा लागतो, १२ टक्के चढावर उभ्या अवस्थेतून पुढे आणि मागे पुन्हा पुन्हा निघावे लागते, आणि ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता चढावा लागतो. मात्र याच मानकात ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी ६८ किलोचे, एवढीच माणसे धरली आहेत. पूर्ण कुटुंब घेऊन निघणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे.

लेखातील ‘ताकदीचे पुरावे’ या चौकटीबद्दल थोडक्यात लिहितो. २०१२मध्ये टुंड्राने एंडेव्हर अंतराळयान पुलावरून ओढले, २०१९मध्ये फोर्डच्या विजेवरील नमुना ट्रकने १० लाख पौंडांहून जड मालगाडी ओढली, आणि त्याच वर्षी टेस्लाने सायबरट्रक व एफ-१५० यांची रस्सीखेच दाखवली. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना विरोध इतका कमी असतो की सपाट मार्गावर एका टनामागे काही किलोंचा जोर पुरतो. रस्सीखेचीत ट्रकचे स्वतःचे वजन, टायरची पकड आणि आधी कोणी खेचले यांवर निकाल ठरतो. लांब चढावर इंजिन आणि गिअरबॉक्स किती तापतात, उतारावर ब्रेक किती टिकतात, यांबद्दल असे देखावे काहीच सांगत नाहीत.

स्प्रिंगांचा उल्लेख लेखात नाही, तो हवा होता. रॅम आणि २०२२पासूनची टुंड्रा मागे कॉइल, म्हणजे गुंडाळीच्या, स्प्रिंग वापरतात, त्यामुळे रिकामा ट्रक कमी उसळतो; एफ-१५० आणि सिल्व्हराडो यांनी बहुतांश मॉडेलांत पाटे (एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) ठेवले आहेत, कारण जड मालाखाली ते भरवशाचे ठरतात. रोज रिकामा ट्रक चालवून वर्षातून काही वेळाच ट्रेलर जोडणाऱ्याला माझ्या मते रॅम अधिक मानवेल, तर रोज हौदा भरणाऱ्याने पाट्यांचाच ट्रक घ्यावा. विजेवरील ट्रकचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, चढावर निश्चितच उपयोगी आहे, पण मोठा ट्रेलर जोडल्यावर त्यांचा पल्ला जवळपास निम्म्यावर येतो, हेही लिहायला हवे होते.

पुढील तुलनेत शक्यतो सारखी केबिन आणि सारखी ड्राइव्ह असलेले ट्रक निवडावेत, प्रत्येकाचा एक्सल रेशो आणि दरवाजाच्या खांबावरील पेलोड छापावा, आणि एकच ट्रेलर सर्वांना जोडून एकाच चढावर व उतारावर चाचणी घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक