सी ड्राइव्ह परत मिळवून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी फोन ठेवताना मी घाईघाईत "थँक्यू दादा" म्हणाले आणि तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय संपवलात. मला ते अपुरं वाटत राहिलं. संगणक तुम्ही सुरू करून दिलात हे तर आहेच, पण त्याआधी तुम्ही मला एक गोष्ट करण्यापासून थांबवलंत. त्या थांबवण्याचं मोल मला दुसऱ्या दिवशी कळलं. पत्र उघड लिहितेय, कारण डिस्क बदलताना याच जागी अडकलेलं आणखी कुणीतरी असणार, आणि त्याला तुमच्यासारखं माणूस फोनवर मिळेलच असं नाही.

आपली ओळख म्हणजे तुम्ही माझ्या बहिणीच्या ऑफिसातले, एवढीच. मी तुम्हाला अजून पाहिलेलंही नाही. तरीही सुट्टीच्या दिवशी तुम्ही सलग अडीच तास फोनवर थांबलात.

मी घरून पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. जुनी हार्ड डिस्क फार रेंगाळायला लागली होती म्हणून नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घेतली, क्लोन करण्याच्या एका प्रोग्रॅमने जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवली आणि नव्या डिस्कवरून विंडोज सुरूही झालं. जुनी डिस्क मी आतच जोडलेली राहू दिली. दोन आठवडे काम चाललं. वेग म्हणावा तसा वाढला नाही हे खटकत होतं. शिवाय 'धिस पीसी' उघडलं की विंडोजचं छोटं चिन्ह सी ड्राइव्हवर दिसायचं ते आता ई ड्राइव्हवर दिसत होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मग एके सकाळी जुनी डिस्क काढली, संगणक लावला, पासवर्ड टाकला. 'प्रिपेअरिंग विंडोज' ही अक्षरं बराच वेळ राहिली आणि नंतर नुसता काळा पडदा. त्यावर माउसचा बाण तेवढा हलत होता.

तुमच्याआधी मी दोघांना विचारलं. दोघांचंही उत्तर एकच: फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका. माझीही तयारी झाली होती. सगळं नव्या डिस्कवर आलंय अशीच माझी समजूत होती, म्हणून जुनी डिस्क पुसून भाच्याला द्यायची असंही ठरवून टाकलं होतं. तुम्हाला फोन केला तेव्हा सगळी हकीकत सांगता सांगता हेही बोलून गेले. तुम्ही मला मध्येच थांबवलंत. "ताई, जुन्या डिस्कला आधी हात लावू नका. ती कुणाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवून या. मी धरतो फोन." मी खरंच उठून ती कपाटात ठेवून आले.

त्यानंतर तुम्ही काही करायला सांगितलं नाहीत, नुसते प्रश्न विचारलेत. क्लोन केल्यावर पहिल्यांदा सुरू करताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या का? डिस्क मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्क सांभाळायच्या खिडकीत, एखादी डिस्क ऑफलाइन दिसली होती का? ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप आहे का, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी आहे का? मग त्या काळ्या पडद्यावर कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायला लावलंत, त्यातून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आणि तिथे एक ओळ टाइप करायला सांगितलीत: इको, एक जागा, मग दोन टक्केचिन्हांच्या मध्ये सिस्टमड्राइव्ह. उत्तर आलं, ई. तुम्ही म्हणालात, "सापडलं. विंडोज शाबूत आहे, फक्त स्वतःला ई समजतंय."

पुढची दहा मिनिटं तुम्ही मला जे समजावलंत ते मी वहीत उतरवून ठेवलंय. ड्राइव्हचं अक्षर डिस्कवर लिहिलेलं नसतं. विंडोज ते आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'माउंटेडडिव्हायसेस' नावाच्या कप्प्यात नोंदवून ठेवतं: अमुक अक्षर तमुक पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या तमुक भागाला. डिस्कचे भाग मांडायच्या दोन पद्धती, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. माझी डिस्क एमबीआर पद्धतीची, म्हणून त्या नोंदीत १२ बाइट. पहिले ४ म्हणजे डिस्कची सही, तिची ओळख पटवणारा आकडा, उरलेले ८ म्हणजे पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं तो आकडा. जीपीटी डिस्क असती तर त्या जागी पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक असता. आता क्लोन करताना ही नोंदवहीसुद्धा जशीच्या तशी नव्या डिस्कवर आली, आणि तिच्यात सी या अक्षरापुढे सही होती जुन्या डिस्कची. नवीवरून उठलेल्या विंडोजने वही उघडली, सीची मालकीण जुनी डिस्क शेजारीच जोडलेली दिसली, तिला तिचं अक्षर दिलं आणि स्वतः पुढचं मोकळं अक्षर घेतलं, ई. डी माझ्या कामाच्या वेगळ्या डिस्ककडे होतंच.

मग मी गप्प झाले, कारण दोन आठवड्यांचा अर्थ लागत होता. प्रोग्रॅमांचे पत्ते, सेटिंग्ज, माझं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळं सी हे अक्षर धरून लिहिलेलं. म्हणजे विंडोज उठायचं नव्या डिस्कवरून, आणि मी तिथे सेव्ह केलेली प्रत्येक फाइल जायची जुन्या डिस्कवर. वेग न वाढण्याचं कारणही तेच. दोनशे पानांच्या एका पुस्तकाची अंतिम दुरुस्ती त्याच पंधरवड्यात झाली होती. ती नव्या डिस्कवर नव्हतीच. तुमच्या पहिल्या वाक्याचं कारण मला तेव्हा समजलं.

मी विचारलं होतं, की बाकीच्या ड्राइव्हची अक्षरं डिस्क मॅनेजमेंटमधून चुटकीसरशी बदलतात, मग याचं का नाही? तुम्ही म्हणालात, विंडोज ज्या ड्राइव्हवरून चालू आहे त्याचं अक्षर ते तिथून बदलू देतच नाही, आणि ते योग्यच आहे. रजिस्ट्रीतून बदलता येतं, पण मायक्रोसॉफ्टनेही तो मार्ग एवढ्याचसाठी सांगितलाय, की विंडोज टाकताना जे अक्षर होतं ते काही कारणाने बदललं असेल तर परत पूर्वीचं द्यावं. "कुणी हौस म्हणून चांगल्या चालत्या सीचं दुसरं अक्षर करून मागितलं तर मी करून देत नाही," असं तुम्ही म्हणालात. मला हे फार पटलं. तुमच्या हातात ती विद्या आहे आणि ती कुठे वापरायची नाही हेही तुम्ही पक्कं ठरवलंय.

बदल लगेच, त्या काळ्या पडद्यावरूनच करता आला असता. तुम्ही आधी परतीचा रस्ता करायला लावलात. बहिणीच्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार होत होता, त्या वेळात तुम्ही सी हे अक्षर मुळात का हे सांगितलंत. १९८१ च्या आयबीएम पीसीला दोन फ्लॉपी ड्राइव्ह बसवता यायचे, ए आणि बी. १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली, तिला तिसरं अक्षर मिळालं. फ्लॉप्या गेल्या, तरी हार्ड डिस्क सीवरच राहिली. इतकी वर्षं रोज सी ड्राइव्ह उघडत आले, पण ए आणि बी कुठे गेले हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर 'इन्स्टॉल नाउ'चं बटण समोर आलं आणि तुम्ही तीनदा बजावलंत, की त्याला स्पर्श करायचा नाही. शिफ्ट आणि एफ१० दाबलं, कमांड प्रॉम्प्ट आला, त्याचं स्वतःचं अक्षर एक्स. इथे आणखी एक नवी गोष्ट. डिस्कपार्ट या डिस्क हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' दिलं तर सी म्हणून समोर आला अवघ्या ५०० एमबीचा सिस्टम रिझर्व्हड, विंडोजने स्वतःसाठी राखलेला छोटा भाग, माझं विंडोज डीवर आणि कामाची डिस्क ईवर! माझी छाती धडधडायला लागली. तुमचा आवाज तसाच. "इथे वेगळं विंडोज चालू आहे ताई, त्याची वही वेगळी. अक्षरावर जाऊ नका, आकार आणि नाव वाचा." मी एकेक ओळ वाचत गेले, तुम्ही पलीकडे लिहून घेत होतात. मग डीच्या विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरातल्या 'सिस्टम' नावाच्या फाइलची प्रत काढून ती कामाच्या डिस्कवर ठेवायला लावलीत. काही बिघडलंच तर ती फाइल परत जागेवर ठेवायची, की आहोत तिथे परत. मला खरा धीर आला तो तिथे.

रेजएडिट हा रजिस्ट्री बदलायचा प्रोग्रॅम उघडून, त्यातल्या एचकी लोकल मशीन या मुख्य कप्प्यावर उभं राहून, 'लोड हाइव्ह'ने तीच सिस्टम फाइल आत घेतली. माउंटेडडिव्हायसेस उघडलं. घाई करणाऱ्याने तिथेच सरळ नावं बदलली असती. तुम्ही आधी डिस्कपार्टमध्ये 'युनिकआयडी डिस्क' देऊन नव्या डिस्कची सही वाचायला लावलीत. तिथे होतं ९३ ए७ ४१ डी२. मी रजिस्ट्रीत ईच्या नोंदीकडे पाहिलं तर डी२ ४१ ए७ ९३. मी म्हटलं, दादा, हे जुळत नाही. तुम्ही म्हणालात, "उजवीकडून डावीकडे, जोडीजोडीने वाचा बरं." वाचलं, आणि जुळलं. बाइट तिथे उलट्या क्रमाने लिहिलेले असतात. सीच्या नोंदीतली सही निराळीच होती, म्हणजे ती जुन्या डिस्कची.

मग सीच्या ओळीचं नाव बदलून झेड केलं, म्हणजे सी मोकळं झालं. त्यानंतर ईची ओळ सी केली. मी नाव टाइप करून एंटर दाबणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "वाचून दाखवा." बॅकस्लॅश, डॉसडिव्हायसेस, बॅकस्लॅश, सी. तुम्ही विचारलंत, "आणि कोलन?" कोलन राहिलं होतं. फोनवरून, पडदा न बघता, तुम्ही ते एक चिन्ह पकडलंत.

त्या कप्प्यातलं सगळं पुसून टाकलं तरी विंडोज नव्याने नोंदी करतं, असा सोपा उपायही बरेच जण सांगतात, हे तुम्ही आधीच बोलला होतात. तो तुम्ही टाळलात तो माझ्या कामाच्या डिस्कसाठी. माझ्या मांडणीच्या फाइलींमधली शेकडो चित्रं डी ड्राइव्हच्या पत्त्याने जोडलेली आहेत. नोंदी पुसल्या असत्या आणि डीचं अक्षर हललं असतं, तर प्रत्येक पुस्तकातली चित्रं पुन्हा जोडत बसावं लागलं असतं. माझं काम काय आहे ते तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतलं होतंत. त्याचा उपयोग असा झाला.

'अनलोड हाइव्ह', पेनड्राइव्ह बाहेर, रीस्टार्ट. पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉप आलं. दोन आठवड्यांपूर्वीचं डेस्कटॉप, क्लोन केलं त्या दिवशी होतं तसं. तुम्ही ती इको सिस्टमड्राइव्हची ओळ पुन्हा द्यायला लावलीत. सी. "आता जेवून घ्या आणि उद्या शांतपणे जुनी डिस्क बाहेरून जोडा," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी डिस्कच्या बाहेरच्या केसमध्ये घालून यूएसबीने ती जोडली. सी आता नव्या डिस्कच्या नावावर पक्कं होतं आणि जुनीच्या नोंदीचं नाव आपण झेड केलं होतं, त्यामुळे जुनीला झेड मिळालं. झेडवर माझ्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप उघडलं आणि त्या पुस्तकाची फाइल समोर होती, शेवटच्या दिवसाच्या तारखेची. मी आधी ती नवीवर घेतली, मग डीवर, मग पेनड्राइव्हवर. ती उघडून शेवटचं प्रकरण पाहिलं. लेखिकेने फोनवरून सांगितलेला एक बदललेला परिच्छेद होता, तो जागेवर होता. त्यांनी तो परिच्छेद कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. मी पाच मिनिटं काहीच न करता तो वाचत बसले, दादा.

पुस्तक छपाईला गेलंय. लेखिकेला मी सगळं सांगितलं, त्यांनीही तुम्हाला नमस्कार कळवलाय. तुम्ही काही घ्यायला तयार झाला नाहीत, म्हणून बहिणीकडे पुस्तकाची पहिली प्रत देते आहे, ती तरी नाही म्हणू नका.

जुनी डिस्क अजून कपाटात आहे. पाकिटात घालून वर तारीख लिहिली आहे आणि खाली 'पुसू नये'. निदान महिनाभर तिला तसंच ठेवा असं तुम्ही सांगितलं होतंत. महिना झाला की आधी तुम्हाला फोन करेन, मगच भाच्याला देईन.

तुमची,
एक ताई