आजोळी पाठवलेल्या लेकरांची नोंद कोण ठेवणार?

महोदय,

पाकिस्तानबरोबरच्या तणावात 7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या. भुसावळचं जंक्शन आणि वरणगावचा दारूगोळा कारखाना आपल्याकडे आहे, त्यामुळे सायरन आणि ब्लॅकआउटची चर्चा खान्देशात झाली ती बरोबरच. पण त्याच आठवड्यात सीमेवरच्या फौजी क्वार्टरमधून आजोळी आलेल्या लेकरांबद्दल कोणी बोललं नाही.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. आमच्या गल्लीतली एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आली. पोराचा बाप फौजेत, आई दवाखान्यात दाखल. लसीकरणाचं कार्ड जम्मूलाच राहिलेलं. पाचव्या वर्षाचा डीपीटी बूस्टर (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) झाला की नाही, आजीला माहीत नाही. आरोग्य केंद्रावर तिला ‘आधी कार्ड आणा’ म्हणून परत पाठवलं होतं. निघताना ती हळूच म्हणाली, “बाई, पोऱ्या रोज राते आथरुनमा मुतस. पहिले आसं नही व्हतं.” पोरगा तिच्या पदराआड तोंड लपवून उभा होता. त्याला रागावू नका, मारू तर मुळीच नका, एवढं मी सांगितलं. पण हे सांगायला तिच्या घरी कोणीतरी जायला हवं होतं.

सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनने बॉम्बच्या भीतीने सुमारे 15 लाख लोक, त्यात बहुतेक मुलं, शहरांतून गावोगावी परक्या घरांत हलवले. तिथेही मोठी तक्रार अंथरूण ओलं करण्याची होती. ज्यांना घरं सांभाळू शकली नाहीत त्यांच्यासाठी वसतिगृहं निघाली. ऑक्सफर्डशायरमधल्या अशा वसतिगृहांत बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट नियमित जात, मुलांना भेटत आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचंही ऐकून घेत.

आपल्याकडे यंत्रणा नवी उभारावी लागत नाही. आशाताई प्रत्येक घर ओळखते. अंगणवाडी आहे, शाळेत तपासणीला येणारं आरोग्य पथक आहे, 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. बाप किंवा आई गेलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये आहेत, पण किती आज्यांना हे ठाऊक आहे?

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एक साधं परिपत्रक काढावं: बाहेरगावाहून नातेवाइकांकडे आलेलं मूल, कार्ड असो वा नसो, त्याच आठवड्यात आशाने नोंदवावं, नवं कार्ड करून द्यावं आणि महिनाभर घरी जाऊन त्याची झोप, जेवण विचारावं. सैनिक कल्याण कार्यालयाने अशा कुटुंबांची यादी कुटुंबाच्या संमतीने प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. पुढच्या तालमीत हेही काम धरावं.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. अमळनेर, जि. जळगाव