शाळेपर्यंतची फायबर गावांच्या मालकीची हवी

महोदय,
भारतनेट या सरकारी ग्रामीण इंटरनेट योजनेची फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून शाळा, आरोग्य केंद्रापर्यंतचा टप्पा शेजारच्या गावांनी मिळून स्वतःच्या मालकीचा उभारावा. खरा खर्च खोदाईचा असतो. म्हणून पाणीयोजनेची चर उघडी असतानाच केबल ओवण्यासाठी ४० मिमीचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप टाकून घ्यावा. केबल २४ कोरची, म्हणजे आत २४ काचतंतू असलेली घ्या, जास्तीच्या कोरला फारसे पैसे पडत नाहीत. प्रत्येक जोडापाशी १० मीटर केबल गुंडाळून ठेवा. नाहीतर जेसीबीने तोडल्यावर ओढायला काहीच उरत नाही आणि मध्ये नवा तुकडा घालून एकाऐवजी दोन जोड मारावे लागतात. ठेकेदाराकडून ओटीडीआर चाचणीचे (तंतूत प्रकाश सोडून जोड आणि दोष किती अंतरावर आहेत ते दाखवणारी चाचणी) आलेख घेतल्याशिवाय अंतिम बिल काढूच नये. पुढे केबल तुटली की नवी चाचणी या आलेखांशी ताडूनच नेमके कुठे खणायचे ते ठरते. आणि शाळेतल्या ओएनटीला (फायबर जिथे संपते तिथला इंटरनेट देणारा डबा) बॅटरी द्याच, भारनियमनात आधी तोच बंद पडतो.

– एक दूरसंचार अभियंता, सातारा